बोलण्याने गुण येतो, पण कशाच्या तुलनेत?

औषधाने बरे वाटू लागले की आपण ‘गुण आला’ असे म्हणतो. बोलण्याने गुण आला असे कुणी सांगितले, तर ते सहसा हसण्यावारी नेले जाते. त्यातून आजार मेंदूतील पेशी नष्ट होण्याचा असेल तर विचारायलाच नको. जिथे पेशीच मेल्या आहेत तिथे बोलून काय होणार, असे कुणालाही वाटेल.

या शंकेला प्रयोगाने उत्तर देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. कंपवात आणि त्याबरोबर नैराश्य अशा दुहेरी दुखण्याने ग्रासलेल्या ८० जणांवर रोझॅन डॉबकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीचा निबंध २०११ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कंपवाताच्या रुग्णांच्या नैराश्यावर बोलण्याचा उपचार लागू पडतो, असे विधान आज अनेक ठिकाणी वाचायला मिळते. त्याच्या आधारासाठी ज्या चाचण्यांकडे बोट दाखवले जाते, त्यांत ही चाचणी अग्रभागी असते. म्हणून ती नीट वाचून पाहावी असे आम्हांला वाटले. तिचे आकडे सांगायला दोन ओळी पुरतात. ते आकडे कशाच्या तुलनेत मिळाले, हे पाहायला मात्र थोडा वेळ द्यावा लागतो. शिक्षकांनी तो द्यावा, कारण वर्गात विज्ञान शिकवताना ‘सिद्ध झाले आहे’ हे शब्द आपण फार सहज उच्चारतो.

‘उदास वाटणारच!’

कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. रुग्णाची ज्ञानेंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात, असे त्यांनी नमूद केले होते. पुढे दीर्घकाळ हा केवळ हालचालींचा आजार मानला गेला. मेंदूच्या मध्यभागातील एका काळसर पट्ट्यात डोपामीन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या हळूहळू नष्ट होतात. मग हात थरथरू लागतात, स्नायू ताठरतात, हालचाली मंदावतात. मेंदूतील डोपामीनचे महत्त्व दाखवणारे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकात वापरात आलेले लेव्होडोपा हे आजही या आजारावरचे मुख्य औषध आहे.

हालचालींवर इतके लक्ष दिले गेले की मनाकडे पाहायला उशीर झाला. या विषयावरील अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार कंपवाताच्या सुमारे १७ टक्के रुग्णांना तीव्र स्वरूपाचे नैराश्य असते आणि दखल घ्यावी इतकी नैराश्याची लक्षणे सुमारे ३५ टक्के रुग्णांत आढळतात. काही जणांत तर हात थरथरू लागण्याच्या आधी काही वर्षे नैराश्य येते. म्हणजे आजार कळल्याचा धक्का एवढेच त्याचे कारण नव्हे. ज्या रसायनांवर मनाचा उत्साह अवलंबून असतो, त्यांच्याही मार्गांना या आजाराची झळ पोचते.

घरात मात्र दोनपैकी एक गोष्ट होते. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, त्यामुळे चेहरा निर्विकार दिसतो आणि आवाज बारीक होतो. मग नैराश्य आले तरी ते आजाराच्या चेहऱ्याआड झाकले जाते. किंवा ते दिसते, पण ‘एवढा आजार झाल्यावर उदास वाटणारच’ असे म्हणून सोडून दिले जाते. हे वाक्य मायेपोटी उच्चारलेले असते. परिणाम मात्र एकच होतो. उपचार होत नाही. पाय मोडल्यावर दुखणारच, म्हणून प्लास्टर घालायचे कुणी टाळत नाही.

दहा आठवडे काय केले?

चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत तशी या ८० जणांची विभागणी झाली. ४१ जण एका गटात आणि ३९ जण दुसऱ्या गटात गेले. दोन्ही गटांतील रुग्णांचे नेहमीचे डॉक्टर आणि नेहमीची औषधे चालूच राहिली. दुसऱ्या गटावर फक्त देखरेख ठेवली गेली. ठरावीक वेळी त्यांची तपासणी होई, प्रकृतीची नोंद होई, एवढेच. पहिल्या गटाला याशिवाय दर आठवड्याला तासाभराहून थोडे अधिक अशा दहा बैठका मिळाल्या. घरातील काळजीवाहू व्यक्तीसाठीही काही बैठका वेगळ्या ठेवल्या होत्या.

या बैठकांत जे झाले त्याला केवळ गप्पा म्हणता येणार नाही. त्या पद्धतीचे इंग्रजी नाव कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. आपण तिला विचार-वर्तन उपचार म्हणू. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. त्याच सुमारास अल्बर्ट एलिस यांची तिच्याशी नाते सांगणारी पद्धत पुढे आली. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ती मराठी वाचकांना विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने परिचित आहे. भावना केवळ घटनेतून येत नाहीत, घटनेबद्दल आपण स्वतःशी काय बोलतो यावरही त्या अवलंबून असतात, हे दोन्ही पद्धतींचे समान सूत्र आहे.

कंपवाताच्या रुग्णाला ते कसे लागू होते? समजा, एका निवृत्त शिक्षकांचा चमचा जेवताना थरथरतो. ‘सगळे माझ्याकडेच बघतात’ या विचाराने त्यांनी लग्नकार्याला जाणे सोडले. मग वाचनालय सुटले, मग संध्याकाळचा कट्टा. बाहेर जाणे कमी झाले तसे आनंदाचे प्रसंग कमी झाले, आणि ते कमी झाले तसा ‘आता आपले काही उरले नाही’ हा विचार पक्का झाला. हे चक्र दोन ठिकाणी तोडता येते. पहिली जागा विचाराची. सगळे खरोखरच बघतात का? किती जण बघतात? बघितले तर नेमके काय होते? हे प्रत्यक्ष जाऊन, पाहून, वहीत लिहून तपासायचे. दुसरी जागा कृतीची. गोळीचा असर असतो तेव्हा हालचाल सोपी जाते, आणि तो ओसरला की शरीर पुन्हा जड होते. म्हणून कट्ट्यावर जायची वेळ गोळीच्या वेळेशी जुळवायची. सबंध कार्यक्रम झेपत नसेल तर अर्धा तासच जायचे. घरच्यांनी ‘राहू द्या, मी करतो’ म्हणण्याऐवजी हा गृहपाठ करून घ्यायला मदत करायची. पार्किन्सनच्या आजारानुसार केलेले असे बदल हे या चाचणीतील उपचाराचे वैशिष्ट्य होते. ‘सकारात्मक विचार करा’ हा आपल्याकडे फुकट मिळणारा सल्ला आणि हा उपचार यांत पुष्कळ अंतर आहे.

दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ५६ टक्के जणांना ठळक गुण आला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. माणसांच्या भाषेत सांगायचे तर ४१ पैकी २३ आणि ३९ पैकी ३. नैराश्य मोजण्याच्या पट्टीवर पहिल्या गटाचे सरासरी गुणांक सुमारे ७ ने उतरले. दुसऱ्या गटाचे जवळपास होते तिथेच राहिले.

तुलनागट काय सांगतो

शाळेतले उदाहरण घेऊ. पाचवीतल्या गणितात कच्च्या असलेल्या मुलांसाठी एका शिक्षिकेने नवी पद्धत काढली आणि शाळा सुटल्यावर रोज एक तास जादा वर्ग घेतला. सत्र संपताना मुलांचे गुण वाढले. नवी पद्धत चांगली ठरली का?

घाई करू नये. सर्वांत कमी गुणांची मुले निवडली की पुढच्या परीक्षेत त्यांतल्या काहींचे गुण वाढतातच, कारण आधीच्या परीक्षेच्या दिवशी कुणाला ताप होता, कुणाच्या घरी भांडण होते. शिवाय मुले सहा महिन्यांनी मोठीही होतात. म्हणून तशीच कच्ची, पण जादा वर्गाला न बसलेली मुले तुलनेला घ्यावी लागतात. न्यू जर्सीच्या चाचणीतील दुसऱ्या गटाने नेमके हे काम केले. नैराश्य काही काळाने आपोआप ओसरते, असे म्हणावे तर तुलनागटाचेही ओसरायला हवे होते. त्या गटातील लोक डॉक्टरांकडे जात होते, औषधे घेत होते, त्यांची तपासणीही होत होती. तरी दहा आठवड्यांत त्यांची सरासरी हलली नाही. आमच्या मते या निबंधातील ही सर्वांत कमी चर्चा झालेली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ‘दिवस गेले की माणूस सावरतो’ हा दिलासा या रुग्णांच्या बाबतीत दहा आठवडे तरी खोटा ठरला.

आता उदाहरणातील दुसरी अडचण पाहू. जादा वर्गातील मुलांना दोन गोष्टी मिळाल्या. एक नवी पद्धत, आणि दुसरी म्हणजे रोज एक तास शिक्षिकेचा सहवास, तिचे लक्ष, ‘बाई आपल्यासाठी थांबतात’ ही भावना. दुसऱ्या मुलांना यांतले काहीच मिळाले नाही. गुण वाढले ते पद्धतीने की सहवासाने? या तुलनेतून ते कळणार नाही. त्यासाठी आणखी एक गट हवा. रोज एक तास, तीच आपुलकी, पण जुनीच पद्धत.

न्यू जर्सीच्या चाचणीत असा गट नव्हता. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

अपेक्षेचे वजन

हा आक्षेप कोणत्याही मानसोपचाराच्या चाचणीवर घेता येईल. पार्किन्सनच्या आजारात मात्र त्याला विशेष वजन आहे, आणि त्याचे कारण मोठे रंजक आहे. कॅनडातील व्हँकूव्हर येथील संशोधकांनी २००१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पार्किन्सनच्या रुग्णांना औषधाचे इंजेक्शन मिळण्याची अपेक्षा होती, पण त्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले गेले. तरीही मेंदूच्या छायाचित्रणात दिसले की त्यांच्या मेंदूत डोपामीन स्रवले होते. बरे वाटेल या अपेक्षेनेच, आजाराने जे रसायन हिरावले आहे ते काही प्रमाणात बाहेर पडले. अशा आजारात उपचार मिळालेल्यांची तुलना उपचार न मिळालेल्यांशी केली, तर अपेक्षेचा सारा वाटा उपचाराच्या खात्यावर जमा होतो. शिवाय चिठ्ठीत ‘फक्त देखरेख’ निघालेल्यांचा हिरमोड झाला असेल, तर तोही दोन गटांतील अंतर वाढवतो.

औषधांच्या चाचण्यांत ही काळजी घेतली जाते. डॉबकिन यांचे सहकारी मॅथ्यू मेन्झा आणि त्यांच्या गटाने कंपवाताच्या ५२ निराश रुग्णांवर केलेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत नॉरट्रिप्टिलीन या औषधाने ५३ टक्के जणांना गुण आला, पॅरॉक्सेटीनने ११ टक्क्यांना, आणि औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळीने २४ टक्क्यांना. एकेका गटात जेमतेम सतराअठरा माणसे होती, त्यामुळे हे आकडे सैल धरायचे. पॅरॉक्सेटीन निरुपयोगी आहे असेही यावरून ठरत नाही, कारण ११५ रुग्णांवरील २०१२ सालच्या चाचणीत ते पोकळ गोळीपेक्षा सरस ठरले. तरीही २४ आणि ८ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. गोळी मिळते आहे एवढ्या विश्वासाने चौघांत एकाला बरे वाटले, आणि नुसत्या देखरेखीत बाराजणांत एकालाच. चाचण्या वेगळ्या आहेत, म्हणून ५६ मधून २४ सरळ वजा करता येणार नाहीत. पण ५६ आणि ८ यांतील सगळे अंतर उपचाराच्या तंत्राचे आहे, असेही म्हणता येणार नाही.

मोजपट्टी

दुसरी बाब मोजमापाची. चाचणीत मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेली पट्टी वापरली गेली. तीत खिन्नता, अपराधीपणा यांबरोबर झोप न लागणे, हालचाल मंदावणे, थकवा, वजन घटणे हेही मोजले जाते. यांतली बरीच लक्षणे कंपवाताचीच आहेत. म्हणजे मन प्रसन्न असलेला रुग्णही या पट्टीवर काही गुण घेऊनच उभा राहतो. दोन्ही गटांना हे सारखेच लागू असल्याने तुलनेत फारसा बिघाड होत नाही. तरी पट्टीवरचे सात अंक उतरले म्हणजे मनाचे ओझे नेमके किती उतरले, हे सांगणे अवघड होते. गुण मोजणाऱ्यांना कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नव्हते, ही चाचणीची जमेची बाजू. पण पट्टीवरच्या प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या तोंडूनच येतात, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला ठाऊक असते.

तिसरी बाब, चाचणीत कोण नव्हते. स्मृतिभ्रंश झालेले आणि आत्महत्येचा धोका असलेले रुग्ण वगळले होते. चाचणी सुरक्षित ठेवण्यासाठी ते योग्यच होते. पण ज्या घरांना मदतीची सर्वांत अधिक निकड आहे, त्यांच्याबद्दल हा निबंध काही सांगत नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

फोनवरून

याच गटाची पुढची चाचणी २०२० साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आली. या वेळी ७२ रुग्ण होते आणि उपचार फोनवरून झाला. पहिले तीन महिने दर आठवड्याला, पुढे सहा महिने महिन्यातून एकदा. गुण आलेल्यांचे प्रमाण उपचाराच्या गटात ४० टक्के आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत शून्य. चालणे अवघड झालेल्या माणसाला शहरातल्या दवाखान्यात दर आठवड्याला नेणे किती जिकिरीचे असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या चाचणीचे मोल सांगायला नको. पण तुलना पुन्हा तीच होती. एकीकडे उपचार आणि दुसरीकडे त्याचा अभाव. समोरासमोर बसून झाले, फोनवरूनही झाले. सहवास आणि तंत्र यांची फारकत मात्र झालीच नाही.

अशी फारकत इतरत्र करून पाहिली आहे. कंपवात नसलेल्या, केवळ नैराश्य असलेल्या लोकांवरील अनेक चाचण्यांचा आढावा नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. कोणतेही विशेष तंत्र न वापरता आस्थेने ऐकून घेणारा उपचारही गुणकारी ठरतो आणि तंत्रशुद्ध उपचार त्याच्यापुढे थोडेसेच सरस ठरतात, असे त्यात दिसले. कंपवातातही तसेच असेल का? ते गृहीत धरू नये. बैठकीची वेळ गोळीच्या वेळेशी जुळवणे, घरच्यांना सामील करून घेणे यांसारख्या गोष्टींना इथे कदाचित अधिक महत्त्व असेल. म्हणूनच ही चाचणी व्हायला हवी.

मग रुग्णाने काय करावे?

इतके आक्षेप घेतल्यावर वाचक विचारील की अशा उपचाराकडे जावे की नाही. आमचे उत्तर ‘जावे’ असेच आहे. उपचार कशामुळे लागू पडतो हा संशोधकाचा प्रश्न आहे. काहीच न करण्यापेक्षा तो बरा आहे का, हा रुग्णाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर या दोन चाचण्यांनी पुरेसे स्पष्ट दिले आहे. औषधांशी त्याचे भांडणही नाही. चाचण्यांत औषधे चालूच होती, आणि ज्याला नैराश्यावरचे औषध हवे आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घ्यावेच.

संशोधकाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्यासारख्या समाजाला अधिक निकडीचे आहे. गुण तंत्राचा असेल तर कंपवाताची जाण असलेले प्रशिक्षित उपचारक हवेत. ते थोडे आहेत, आणि बहुतेक शहरांतच आहेत. गुण मुख्यतः नियमित, आस्थेच्या सहवासाचा असेल तर वाट पुष्कळ रुंद होते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि कुटुंबीयांचा स्वमदत गट अनेक वर्षे काम करीत आहे. अशा गटांत जे सहज मिळते, त्याचा नैराश्यावर किती परिणाम होतो हे मग मोजून पाहावे लागेल. २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे दहा आठवड्यांचा पद्धतशीर उपचार मिळत नसला, तरी पहिले पाऊल म्हणून फोन करायला हरकत नाही. पण कुठे पैसा, माणसे आणि वेळ घालावा हे ठरवायचे असेल, तर सहवास आणि तंत्र यांचा हिशेब कुणीतरी वेगळा करून दाखवायला हवा.

शिक्षकांनी हा निबंध वर्गात जरूर वापरावा. नववी-दहावीच्या मुलांना ५६ आणि ८ हे दोन आकडे फळ्यावर लिहून द्यावेत आणि दुसऱ्या गटाला नेमके काय मिळाले, हे मुलांनाच शोधू द्यावे. ज्यांच्या घरी थरथरत्या हाताचे आजोबा किंवा आजी आहेत, अशी एखाददुसरी मुले वर्गात असतीलच. ‘उदास वाटणारच’ हे वाक्य त्यांनी घरी अनेकदा ऐकले असेल. त्या वाक्याच्या पुढे काही करता येते, आणि ते मोजूनही पाहता येते, हे त्यांना या तासाला कळले तर तो तास सत्कारणी लागला असे आम्ही म्हणू.